उन्हाळ्यात प्रयोगशाळेत निघण्याआधी

मी तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी निदान एकदोघांना तरी उन्हाळी संशोधनासाठी धाडायचंच, हा माझा हट्ट. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची छात्रवृत्ती देतात; विद्यार्थ्याला एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरं काम करायला मिळतं. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या पोरापोरींची हुशारी तिथे कमी पडलेली मी पाहिली नाही. अडतं ते आधी कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. तेवढं इथे सांगते.

अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचा असतो, म्हणजे उन्हाळ्याची तयारी पावसाळ्यातच सुरू कर. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना तीन आठवडे आधी गाठ. अर्जासोबत आपल्याला काय करायचंय यावर छोटं टिपण लागतं, आणि बहुतेक जण 'मला कॅन्सरवर औषध शोधायचं आहे' असं लिहून मोकळे होतात. तू स्वतः पाहिलेला प्रश्न लिही. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं येतं, बदल एवढाच. मग दोघा सख्ख्या भावांना तोच आजार असताना एक सारखा दवाखान्यात आणि दुसरा शेतात राबतोय, असं का? जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन कुणाच्या रक्तात किती टिकून राहतं, हे त्याचं एक कारण. हे ज्याने घरात पाहिलंय, त्याच्या चार ओळींत जो जीव असतो तो उसना आणता येत नाही.

निवडीचं पत्र आलं की आधी परीक्षेच्या तारखा बघ. विद्यापीठाच्या परीक्षा मे महिन्यात घुसतात, तेव्हा मार्गदर्शकांना लगेच ईमेल करून कधी रुजू होणार ते कळव. प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो एका फाईलमध्ये लाव. बँक खातं स्वतःच्या नावावर असू दे, आणि आधार, पासबुक, गुणपत्रिका या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, ते तपास. पैशांचं घरी स्पष्ट बोल. विद्यावेतन मिळतं, पण हातात पडेपर्यंत गाडीभाडं, खोलीची अनामत आणि मेसचा पहिला महिना आपल्यालाच उभा करावा लागतो. माझी एक विद्यार्थिनी याच कारणाने पत्र हातात असून गेली नाही. मला कळलं तेव्हा जून उजाडला होता. म्हणून म्हणते, लाजू नकोस, आम्हा शिक्षकांना सांग. मुलींच्या आईवडिलांना वसतिगृहाचा पत्ता आणि वॉर्डनचा नंबर आधीच लिहून दे; त्यांचा जीव थाऱ्यावर राहतो.

सामान थोडंच. पुढून बंद असलेले बूट, सुती कपडे, केस बांधायला रबर, आणि बांधीव वही, सुट्या कागदांची नको. वहीत बॉलपेनने लिही. जेल पेनची शाई ओला हात लागला की पसरू शकते.

आता हाताची तयारी. आपल्या कॉलेजात मायक्रोपिपेट, म्हणजे द्रवाचं अगदी बारीक माप घ्यायची नळी, कपाटात असते. ती मागून घे आणि नुसत्या पाण्यावर सराव कर. अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक पाण्यात बुडवायचं, सावकाश सोडायचं; टोकातलं पाणी बाहेर सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. पटकन सोडलं की टोकात बुडबुडा येतो आणि माप चुकतं. खिडकीतले आकडे नीट वाचायला शीक. वरून खाली १, ० आणि ० दिसत असेल, तर २० मायक्रोलिटरच्या पिपेटवर ते १० मायक्रोलिटर, २००च्या पिपेटवर १०० आणि १०००च्या पिपेटवर १००० असतात. हे एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. जोडीला द्रावणांची गणितं तोंडपाठ हवीत: पन्नासपट तीव्र टीएई बफरपासून (डीएनएचे तुकडे वेगळे करताना लागणारं द्रावण) एक लिटर एकपट द्रावण करायचं तर २० मिली बफर आणि ९८० मिली पाणी, ५० मिलीत एक टक्का ॲगरोज (त्याच कामाचं जेल जमवायची पूड) म्हणजे अर्धा ग्रॅम.

मार्गदर्शकांचे दोन शोधनिबंध वाचून जा. सगळे कळणार नाहीत. आकृत्या बघ, आणि प्रत्येकीखाली 'यांनी काय मोजलं?' याचं उत्तर मराठीत लिहून ठेव.

आणि 'समजलं नाही' हे इंग्रजीत मोठ्याने म्हणायचा सराव कर. हे मी अगदी मनापासून सांगते. एका मुलाने तीन आठवडे प्रत्येक गोष्टीला 'येस सर' म्हटलं आणि एका रात्री वसतिगृहाच्या जिन्यातून मला फोन केला: "मॅडम, ते काय बोलतात तेच कळत नाही, आता विचारायचं कसं?" मी म्हटलं, उद्या सकाळी पीएचडी करणाऱ्या ताईकडे वही घेऊन जा आणि कालचं काम पुन्हा सांगायला सांग. ती तासभर बसली त्याच्याबरोबर. रोजचं शिकणं तिच्यासारख्यांकडूनच होतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी बोल.

वही शेवटी प्रयोगशाळेतच राहते. परवानगी घेऊन पानांचे फोटो काढ, अहवालाचा कच्चा मसुदा तिथे असतानाच दाखव, आणि पुढे शिफारसपत्र द्याल का, हे निघायच्या आठवड्यात समोर बसून विचार.