‘बाई, पोट दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं?

मी ठाण्यातल्या कळव्यात पहिली-दुसरीला शिकवते. शाळा उघडली की जूनमध्ये आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘बाई, पोट दुखतंय’ हे रोज कानावर येतं. स्टाफरूममध्ये लगेच कोणीतरी म्हणतं, ‘नाटकं, दुसरं काय!’ मला हे अजिबात पटत नाही. धास्ती वाटली की या वयात पोट खरोखर दुखतं. मेंदू आणि आतडी एकमेकांशी बांधलेली आहेत, आणि सात वर्षांच्या मुलाला आपली भीती शब्दांत मांडता येत नाही. तेव्हा सगळ्यात आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

मग आजार आहे का ते बघा. ताप, उलट्या, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, पोटात उजवीकडे खाली दुखणं, झोपेतून जाग आणणारी कळ, वजन घटणं, यातलं काहीही असलं तर पालकांना बोलवा आणि थेट डॉक्टरकडे पाठवा. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळेत मिळणारी जंतांची गोळी घेतली होती का, तेही विचारा.

तसं काही नसेल तर एक वही करा. तारीख, कुठला तास, त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं पोट नेहमी मधल्या सुट्टीनंतर दुखायचं. सगळ्यांनी खिचडीला दोष दिला. वही बघून मी त्याला पेन्सिलींना टोक काढायला जवळ बसवलं. ‘का दुखतं?’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर लहान मुलाकडे नसतं. ‘दुखायला लागलं तेव्हा कुठे होतास? बाजूला कोण होतं?’ एवढंच विचारलं. तिसऱ्या पेन्सिलीला तो म्हणाला, ‘संडासाची कडी लागत नाही. मोठी पोरं दार ढकलतात.’ पोरगं सकाळपासून लघवी दाबून बसायचं! कडी दुरुस्त करून घेतली, चौथीच्या बाईंशी बोलले, आणि तो जाताना दाराशी उभा राहायला त्याचा मित्र दिला. दुखणं हळूहळू थांबलं.

वाचनाच्या तासाला दुखत असेल तर उद्या कुठली ओळ वाचायची ते आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि बाकावरच्या जोडीदाराबरोबर वाचू द्या. सगळ्या वर्गासमोर ‘बघा, याचं परत सुरू झालं’ असं कधीही म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला मानसिक त्रास देण्यालाही मनाई आहे.

कळ आली की गरम चहावर घालतो तशी लांब, सावकाश फुंकर घालायला सांगा. श्वास सोडायला वेळ लागला की छातीतली धडधड उतरते. पाच-दहा मिनिटं बसू द्या आणि परत वर्गात घ्या. दर वेळी घरी पाठवलं तर दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढणं त्याला आणखी जड जातं.

आईला फोन संध्याकाळी करा. आमच्याकडच्या कितीतरी आया सकाळी वाशी लोकल पकडून रबाळे, तुर्भ्याला कामाला जातात. कामावर असताना शाळेचा फोन आला की त्यांच्या काळजाचं पाणी होतं. आधी मुलाचं एखादं चांगलं सांगा, मग विचारा, ‘ताई, घरी काही बदललंय का?’ खोली बदलली, बाळ आलं, आजी गेली, बाबा गावी आहेत. बहुतेकदा असंच काहीतरी निघतं.

कोणी नको तिथे हात लावतं असं मुलाने सूचित केलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका आणि खोदून खोदून विचारू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि पोलिसांना कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

एवढं करूनही महिनाभर दुखणं चालू राहिलं, किंवा मूल शाळेतच येईना, तर पालकांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून द्या. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात 1990 पासून आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याचं काम करते, तिथेही जाता येईल. आणि ‘वेड्यांचा डॉक्टर कशाला?’ असं घरून कोणी म्हणालं, तर पहिल्या भेटीला तुम्ही बरोबर जा.