आवाजी मतदान की पोल? सभागृहातल्या राड्यात नेमकं भांडण कशावर चाललंय ते कसं ओळखायचं

टीव्हीवर खाली पट्टी फिरते "प्रचंड गोंधळात विधेयक मंजूर", वर कोणीतरी कागद फाडून भिरकावतंय, आणि आपण दोन मिनिटं बघून चॅनल बदलतो. मीपण कितीतरी वर्षं हेच केलं. पण त्या आरडाओरड्याच्या तळाशी बऱ्याचदा नियमाचा एक बारकासा वाद असतो आणि तो सापडला की कोण मोजणीला घाबरतंय ते लख्ख दिसतं.

तर सगळ्यात आधी, घोषणा देणाऱ्यांकडे बघू नका, अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्याकडे बघा आणि तो काय बोलतोय ते कान देऊन ऐका. तो प्रस्ताव मताला टाकतो, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, आणि मग "होयचे बहुमत आहे" म्हणून मोकळा होतो. हे आवाजी मतदान. यात कोणाच्या बाजूने किती आणि कोण कुठे गेलं याची काहीच नोंद राहत नाही. ते मान्य नसेल तर तिथल्या तिथे पोल मागायचा, म्हणजे मतविभागणी, मग लोकसभेत साडेतीन मिनिटं घंटा वाजते, लॉबीची दारं बंद होतात आणि मतं मोजली जातात. आता हे "तिथल्या तिथे" म्हणजे नक्की कधी, यावरच मोठमोठी भांडणं झालीत.

आपल्याकडचंच घ्या. १२ नोव्हेंबर २०१४, फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. भाजपचे निवडून आलेले १२२, २८८ च्या सभागृहात बहुमत १४५ ला, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला आणि शिवसेना तेव्हा विरोधात. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. शिवसेना आणि काँग्रेस पोल पोल ओरडत राहिले, अध्यक्षांचं म्हणणं की मागणी वेळेत आली नाही. आता पोल झाला असता तर राष्ट्रवादीच्या आमदारांना भाजपच्या बाजूने उभं राहिलेलं सगळ्या राज्याने बघितलं असतं, आणि माझ्या मते खरी अडचण तीच होती, वेळेचं कारण पुढे केलं एवढंच.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे मागणी करणारा उभा कुठे आहे. ऐकायला हास्यास्पद वाटतं पण २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांच्या वेळी वाद यावरच अडला. विरोधकांना मतविभागणी हवी होती, उपसभापती हरिवंश यांचं म्हणणं की मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, विरोधक म्हणत होते आमचे लोक जागेवरूनच मागत होते. विधेयकं आवाजी मतदानाने पास झाली आणि दुसऱ्या दिवशी ८ खासदार निलंबित. त्यामुळे वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून पोल मागणारा दिसला की समजा, त्याने सरकारला आयतंच कारण हातात दिलं.

आणि एक मधली पळवाटही आहे. पोलची मागणी उगाचच केलीय असं वाटलं तर लोकसभा अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात, यात आकडा मिळतो पण नावं नोंदली जात नाहीत. म्हणून "शिरगणती झाली" असं ऐकलं की नावं नोंदली का, हे विचारायचं.

मतदानाआधीच नियम बदलायला निघाले तर जास्तच लक्ष द्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीने विधानसभा अध्यक्षांच्या निवडीतलं गुप्त मतदान काढून ते उघड करायचा नियम केला, आता फुटाफुटीची भीती नसती तर कशाला केला असता. भाजपने आरडाओरडा केला, राज्यपाल कोश्यारींनी आक्षेप घेतला आणि निवडणूक काही होईना. मग सरकार पडलं, आणि ३ जुलै २०२२ ला त्याच उघड पद्धतीने शिरगणती होऊन राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने अध्यक्ष झाले. ज्यांनी नियम केला ते हरले आणि ज्यांनी बोंब मारली ते जिंकले. म्हणून कुठलाही पक्ष "लोकशाहीची हत्या" म्हणाला की मी आधी बघतो हेच लोक खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होते तेव्हा काय म्हणत होते.

व्हिपचं थोडक्यात, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. पक्ष फुटला तर तो कोणाचा चालतो हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ च्या निकालात सोडवलाय, प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही.

शेवटी गणित. बहुमत कशाचं हे आधी बघा. साधं विधेयक हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने पास होतं, घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि वर हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही लागतात. १७ डिसेंबर २०२४ ला एक देश एक निवडणूक विधेयक लोकसभेत आलं, २६९ विरुद्ध १९८, आणि लगेच विरोधक म्हणायला लागले दोन तृतीयांश कुठे आहेत. आकडा बरोबर होता, पण ते मतदान विधेयक नुसतं मांडायला परवानगी द्यायची का यावर होतं आणि त्याला साधं बहुमत पुरतं. दोन तृतीयांशची परीक्षा पास करायच्या वेळी.

त्याच दिवशीची अजून एक गंमत, बोर्डावर आधी २२० विरुद्ध १४९ आलं होतं, मशीनवर मत न पडलेल्यांच्या चिठ्ठ्या मोजल्यावर ते २६९ विरुद्ध १९८ झालं. तेव्हा बोर्डाचा फोटो आला की लगेच ग्रुपवर टाकू नका, चिठ्ठ्या मोजून अध्यक्ष आकडा वाचेपर्यंत थांबा.