जोडटाक्यांसाठी विंग किती किलोची घ्यावी?

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे. तिथे हवेच्या बारा-बारा लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या (जोडटाक्या) पाठीवर घेऊन मी पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंगला उतरले, तेव्हा उसनी आणलेली विंग, म्हणजे पाण्यात तरंगतं ठेवणारी पाठीवरची हवेची पिशवी, २७ किलो उचलणारी होती. मोठी असली की बरी, असं मला सांगितलं गेलं होतं. वर येताना तिचं जादा कापड टाक्यांच्या कडेने वळलं, हवा उजव्या बाजूला अडकली आणि डावीकडच्या व्हॉल्व्हमधून काही केल्या सुटेना. शरीरातला जादा वायू सुटावा म्हणून घ्यायचा सहा मीटरवरचा थांबा हुकला, मी थेट पृष्ठभागावर आले. तेव्हापासून कुणी विंगबद्दल विचारलं की मी आधी हिशेब मांडायला बसवते.

दोन टाक्या २३२ बार (हवेच्या दाबाचं माप) इतक्या भरल्या की त्यांत साधारण ५,५०० लिटर हवा मावते. लिटरला १.२ ग्रॅम धरा, म्हणजे नुसती हवाच साडेसहा किलोंच्या आसपास. बुडण्यासाठी अंगावर शिसं इतकंच बांधायचं, की शेवटी ५० बार उरलेले असताना रिकाम्या विंगने तीन-चार मीटरवर स्थिर राहता यावं. मग सुरुवातीला तुम्ही पाच किलोंनी जड असणार हे ठरलेलंच. ड्रायसूटमध्ये (अंग कोरडं ठेवणारा, आत हवा असलेला पोशाख) पाणी शिरलं तर तरंगण्याचा जो आधार जाईल, तोही त्यात जोडा. माझा आकडा बारा-तेराच्या पुढे गेला नाही. १८ ते २० किलोंची विंग मला पुरून उरते.

आणखी एक परीक्षा उथळ पाण्यात घ्या. भरलेल्या टाक्या, बॅकप्लेट (टाक्या जोडायची पाठीवरची पाटी), रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) सगळं जोडून विंग पूर्ण फुगवा आणि अंगावरून उतरवून सोडा. संच आपला आपण तरंगलाच पाहिजे.

आकार मी वर्तुळाकृती घेते. घोड्याच्या नालेसारख्या विंगेत खालची दोन टोकं जोडलेली नसतात, त्यामुळे हवा एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला अंग कलवावं लागतं. एका टाकीची अरुंद विंग मात्र इथे वापरू नका. ती दोन टाक्यांमध्ये चेपते. बॅकप्लेटच्या भोकांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ११ इंच असतं, पण टाक्यांचे बोल्ट मोजून घ्या.

गरम पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि इथे मी हट्टी आहे. अंदमानला पातळ वेटसूट (रबरी फोमचा पोशाख) घालून स्टीलच्या जोडटाक्या लावू नका. खोलवर वेटसूट दबतो, टाक्या जड, आणि विंग फाटली तर वर येण्यासाठी पाय मारण्यापलीकडे काही उरत नाही. ११ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना जेमतेम बुडते आणि रिकामी झाली की दीड-दोन किलोंनी तरंगते. तीच घ्या. स्टीलला पर्यायच नसेल, तर दोन ब्लॅडरची, म्हणजे आत हवेच्या दोन वेगळ्या पिशव्या असलेली विंग हवी. तिचा दुसरा इन्फ्लेटर (हवा भरायची नळी आणि बटण) कुठे आहे, हे डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करा.

पैसे देण्याआधी दुकानातच टाक्यांसकट सगळं चढवा आणि मानेमागचे तिन्ही व्हॉल्व्ह (दोन टाक्यांचे आणि त्यांना जोडणारा मधला) स्वतःच्या हाताने बंद करून पाहा. हात पोचत नसेल तर टाक्यांवरचे बँड थोडे खाली सरकवून घ्या, म्हणजे टाक्या पाठीवर वर येतात.