अडीच अधिक पाऊण: दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी

कॉटन मार्केटमधून संत्री अडीच किलो, वांगी पाऊण किलो आणि सांबार (कोथिंबीर) सव्वाशे ग्रॅम घेतला, तर पिशवीचं वजन किती? तोंडी हिशेब जमतो, कागदावर मांडला की चुकतो. पूर्णांकांची बेरीज करताना उजवीकडचे अंक एकाखाली एक लिहायची सवय लागलेली असते. तीच सवय इथे दगा देते. २.५, ०.७५ आणि ०.१२५ उजवी कड जुळवून मांडले तर २२५ मिळतात. मग चिन्ह कुठेही द्या, ०.२२५ किंवा २.२५. पण नुसती संत्रीच २.५ किलो आहेत!

म्हणून कड नाही, दशांशचिन्ह जुळवायचं. चौकटीच्या वहीत चिन्हाला स्वतंत्र उभी रांग द्या, म्हणजे दशांशाखाली दशांश आणि शतांशाखाली शतांश आपोआप येतो. रिकाम्या जागी शून्य भरा.

२.५००
०.७५०
०.१२५

आता उजवीकडून सुरुवात. सहस्रांश ५. शतांश ५ + २ = ७. दशांश ५ + ७ + १ = १३, त्यातले ३ लिहा, हातचा १. दहा दशांश म्हणजे एक एकक, म्हणून हा हातचा चिन्ह ओलांडून एककाच्या घरात जातो: २ + १ = ३. उत्तर ३.३७५ किलो. हे 'तीन पॉइंट तीनशे पंच्याहत्तर' असं वाचू नका, 'तीन पॉइंट तीन सात पाच' म्हणा. पहिल्या वाचनाची सवय लागली की ०.१२५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटू लागतं.

शून्य शेवटी जोडल्याने किंमत बदलत नाही, चिन्हाच्या लगेच पुढे घुसवलं तर बदलते: ३.५ आणि ३.५० एकच, ३.०५ वेगळं. 'एक किलो पन्नास ग्रॅम' म्हणजे १.०५०. ते १.५० लिहिलं की दीड किलो झालं. रुपये-पैशांतही तेच, पाच रुपये पाच पैसे म्हणजे ५.०५. वेळेला मात्र ही रीत लावू नका. १ तास ३० मिनिटं म्हणजे १.५ तास, १.३० नव्हे, कारण तासात मिनिटं साठ.

वजाबाकी जास्त चुकते ती पूर्ण संख्येतून वजा करताना. पिशवीला ५ किलोच पेलवत असतील तर अजून किती भरता येईल? ५ - ३.३७५. खालचे ३७५ तसेच उतरवून २.३७५ लिहिणारे बरेच असतात. आधी ५ चे ५.००० करा. सहस्रांशाच्या घरात शून्य आहे, शतांश-दशांशातही शून्यच, तेव्हा उसनं थेट एककाकडून: ५ चे ४ होतात, दशांशात ९, शतांशात ९ आणि सहस्रांशात १०. मग १० - ५ = ५, ९ - ७ = २, ९ - ३ = ६, ४ - ३ = १. उत्तर १.६२५ किलो.

उसन्याचा कंटाळा असेल तर ४.९९९ मधून वजा करा, १.६२४ येतील, त्यात ०.००१ मिळवा.

ताळा: १.६२५ + ३.३७५ = ५.०००.