घरी घेतलेलं रीडिंग डॉक्टरांच्या कामी कसं येईल?

दीर्घ आजारात घरच्या घरी मोजमाप सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: काय मोजायचं, किती वेळा, आणि कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा. ॲपवर पाठवलेला आकडा तिकडे कोणी लगेच पाहतं का, हेही विचारा. बऱ्याचदा पाहत नाहीत.

बीपीसाठी दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. त्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशीनसोबत येणारा पट्टा साधारण 22 ते 32 सेंमी घेरासाठी असतो. घेर 36 असताना तोच आवळून बांधला, तर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं आणि त्या आकड्यावर विनाकारण गोळी वाढू शकते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. बाही वर सारून घट्ट गुंडाळू नका, दंड उघडाच हवा. पट्ट्याची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर ठेवा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीत. हात मांडीवर असला की आकडा चढतो. पट्टा फुगत असताना कोणी ‘किती आलं?’ विचारलं तर उत्तर देऊ नका, बोलण्यानेही बीपी वाढतं. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, बरा वाटला तेवढाच नको. असं सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर बीपी वाढलेलं धरतात.

हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडणं) असेल तर वजनकाटा बीपी मशीनइतकाच महत्त्वाचा. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करा. काटा कडक फरशीवर हवा, गालिच्यावर तो चुकतो. तीन दिवसांत 2 किलो वाढले तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असतं. धाप लागायची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

साखर तपासताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फसवतो. 70 च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

एकच बीपी मशीन दोघं वापरत असाल तर बटण दाबण्याआधी मशीनवरचा आपला युजर नंबर निवडा, नाहीतर एकाचं बीपी दुसऱ्याच्या नावावर जातं. सेल बदलल्यावर तारीख-वेळही तपासा.

आकडा 180/120 च्या वर गेला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर लगेच डॉक्टरांना फोन. मात्र छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूची ताकद गेली असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, अँब्युलन्स बोलवा.