रोजच्या स्केचची सवय: दहा मिनिटे, एक पेन, एक लहान वही

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. कुणाची ए ग्रेड, कुणाची सी. पण बहुतेकांचा हात दहावीच्या आसपास थांबलेला. पुढे कधीतरी पुन्हा चित्र काढावेसे वाटते, तेव्हा डोळ्यांपुढे परीक्षेचाच थाट असतो: मोठा कोरा कागद, बोर्ड, चिमटे, दोन-अडीच तासांची सलग बैठक आणि शेवटी चारचौघांत दाखवण्याजोगे पूर्ण चित्र. एका रविवारी ते जमते. दुसऱ्या रविवारी पाहुणे येतात, तिसऱ्या रविवारी रंगपेटी माळ्यावर जाते. यात आळसाचा भाग थोडा. एका बैठकीकडून मागणेच फार असते.

म्हणून मागणे कमी करायचे. रोज दहा मिनिटे, खोडरबर नाही, चित्र पूर्ण करण्याची सक्ती नाही आणि पहिला महिना कुणाला दाखवणे नाही.

वही आणि पेन

वही ए5 आकाराची घ्या, म्हणजे 148 × 210 मिमी. एका हातात धरता येते, झोळीत मावते आणि दहा मिनिटांत एक पान भरते. ए4 वर तेवढ्या वेळात कोपराच भरतो आणि रोज काहीतरी अर्धवट सोडल्याची रुखरुख लागते. ए6 खिशात मावते खरी, पण तिच्यावर नुसत्या बोटांनी चित्र काढायची सवय लागते, हात मोकळा फिरत नाही. कागद 100 ते 120 जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पुरे. झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा असतो, त्यावर शाई मागच्या बाजूला उमटते. जलरंगांचा हात फिरवायचा असेल तर 200 च्या पुढे जावे लागते. कागद फुगू नये असे वाटत असेल तर 300. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाण्याच्या भानगडीत पडू नका. रंग काढणे, ब्रश धुणे, पान वाळवणे यातच दहा मिनिटे संपतात.

चामडी वेष्टणाची भेट मिळालेली सुंदर वही कपाटातच राहू द्या. तिच्यावर वाईट रेघ मारायचा धीर होत नाही, आणि सुरुवातीला वाईट रेघा भरपूर मारायच्या आहेत. साध्या वहीचेही पहिले पान अडवते. त्यावर नाव, तारीख आणि घरातल्या सगळ्या पेनांच्या रेघा मारून ते वापरून टाका.

पेनात साधा बॉलपेन उत्तम. दाब कमी-जास्त केला की फिकट-गडद छटा मिळते, आणि लगेच पुसला जात नाही. त्याची खोड अशी की टोकाशी शाईची गाठ जमते आणि नेमकी चेहऱ्यावर पडते. मांडीवर रद्दी कागदाचा कपटा ठेवा आणि अधूनमधून टोक त्यावर फिरवा. बॉलपेनची शाई उन्हात फिकी पडते, त्यामुळे भिंतीवर लावायचे काही असेल तर पिगमेंट शाईचा फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचा पेन, घ्या. पिग्मा मायक्रॉन या पेनांमध्ये 01 म्हणजे 0.25 मिमी आणि 05 म्हणजे 0.45 मिमी, हे दोन पुरतात. त्याचे टोक दाबून वापरले की आत बसते, खरखरीत कागदावर पिंजते. जेल पेन टाळा, विशेषतः डावखुरे असाल तर. शाई सुकायच्या आत तळहात तिच्यावरून जातो.

पेन्सिलच हवी असेल तर एचबी आणि 4बी, बस्स. बी पुढचा आकडा वाढतो तशी चिकणमाती कमी आणि ग्रॅफाइट जास्त, म्हणून रेघ काळी आणि मऊ. 6बी ने काढलेले पान समोरच्या पानावर उमटते. उजव्याच पानावर काढा किंवा मध्ये बटर पेपर ठेवा.

खोडरबर का नको? दहातली चार मिनिटे खोडण्यात जातात म्हणून. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारली की आपण कुठे चुकलो ते कागदावर राहते आणि पुढच्या वेळी उपयोगी पडते.

वेळ कोणती

“रोज रात्री सवडीने” ही वेळ नव्हे. सवड येत नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या पाठीला स्केच बांधा: सकाळचा चहा कपात ओतला की, डबा खाऊन झाला की, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. वही तिथेच, उघड्यावर, पेन अडकवून ठेवलेली असावी. ड्रॉवरमधली वही विसरली जाते.

21 दिवसांत सवय लागते असे सगळीकडे सांगतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपसूक घडू लागायला लागलेला काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि मध्य 66 दिवसांचा होता. त्यातच दिसले की एखादा दिवस चुकला तर सवयीचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढे, “आता तुटलेच” असे म्हणून वही मिटली की.

काय काढायचे हे आदल्या रात्री ठरवा

बसल्यावर विषय शोधणे हा सर्वात मोठा वेळखाऊ उद्योग. वहीच्या शेवटच्या पानावर पंधरा-वीस वस्तूंची यादी करून ठेवा: तांब्या, कुकर, कोल्हापुरी चप्पल, चावीचा जुडगा, दोरीवर वाळणारा शर्ट, मिक्सरचे भांडे, अर्धी सोललेली लसूण, स्वतःचा डावा हात. सुंदर वस्तू शोधू नका. वेडावाकडा चुरगळलेला रुमाल फुलदाणीपेक्षा जास्त शिकवतो, कारण त्याचा आकार आधीपासून डोक्यात नसतो आणि बघून काढण्यावाचून इलाज उरत नाही.

एकच वस्तू सलग पाच दिवस, पाच बाजूंनी काढली तर फारच उत्तम. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. चौथ्या दिवशी चपलेचा अंगठा तळव्याला नेमका कुठे शिवला आहे ते पहिल्यांदा दिसते.

आठवड्यातून एकदा स्मरणचित्र काढा. परीक्षेत विषय मिळायचा “बाजार” किंवा “बसथांबा”, आणि आपण पाठ केलेली माणसे उभी करायचो. तसे नको. आज प्रत्यक्ष पाहिलेली एकच गोष्ट, उदाहरणार्थ रिक्षाचा हँडल, रात्री आठवून काढा आणि दुसऱ्या दिवशी खरी रिक्षा समोर असताना ताडून पाहा. जिथे कागद कोरा राहिला तिथे आपण पाहिलेच नव्हते.

दहा मिनिटांची वाटणी

पहिले मिनिट पेन उघडू नका. वस्तूची उंची आणि रुंदी यात मोठे काय, किती पटीने, ते पाहा. हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून, पेनावर अंगठ्याने माप घ्या. इथे नेहमीची चूक म्हणजे दुसऱ्या मापाला कोपर किंचित वाकते. पेन डोळ्याजवळ येते आणि माप चुकते.

मग कागदावर वर एक आणि खाली एक बारीक खूण करा. चित्र या दोन खुणांत बसवायचे. खुणा न करता डोक्यापासून सुरुवात केली की पाय कागदाबाहेर जातात, हे जवळजवळ ठरलेले. पुढची दोन मिनिटे मोठे आकार, अगदी हलक्या रेघेत. त्यानंतर पाच मिनिटे खऱ्या रेघा. शेवटच्या दोन मिनिटांत एकच सावली, सर्वात गडद असेल ती, आणि कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा. दहा मिनिटे झाली की थांबा. रंगात आलेले चित्र सोडायला जड जाते, पण रोज पाऊण तास बसलात तर चौथ्या दिवशी पाऊण तास नसतो आणि वही उघडतच नाही.

नेहमी बिघडते ते

केसाळ रेघ. एका कडेसाठी वीस तुकडे, सगळे मनगटातून मारलेले. उपाय: रेघ जिथून जिथे जायची तिथे दोन टिंबे द्या, पेन कागदावर न टेकवता दोनदा हात फिरवा, मग कोपरातून एका दमात ओढा. नजर पुढच्या टिंबावर ठेवा, पेनाच्या टोकावर नको. रेघ थोडी चुकली तरी ती जिवंत दिसते.

तांब्याचे तोंड आणि बूड. बूड टेबलावर टेकलेले असते म्हणून लोक ते सरळ रेघेने काढतात आणि तोंड मात्र चांगले गोल. प्रत्यक्षात वर्तुळ नजरेच्या पातळीशी असेल तर सरळ रेघ दिसते आणि जसजसे खाली जाते तसतसे फुगत जाते. म्हणजे समोर टेबलावर ठेवलेल्या भांड्याचा तळ तोंडापेक्षा अधिक फुगीर वळणाचा हवा. दुसरी चूक दोन्ही टोकांशी: लंबवर्तुळाला तिथे अणकुचीदार कोपरे येतात. तिथेही वळणच असते, फक्त आवळलेले.

सगळीकडे सारखाच दाब. पुढची कड गडद आणि मागची फिकट ठेवली की सावली न भरताही खोली येते.

चित्र अवघडले की नजर कागदावरच खिळते. अशा दिवशी कागदाकडे अजिबात न पाहता वस्तूच्या कडेवरून डोळा मुंगीच्या गतीने फिरवा आणि पेन त्याच गतीने चालवा. निघेल ते विचित्रच असेल. ते विचित्रच निघायचे असते.

घराबाहेर

महिनाभराने बाहेर पडा. माणसे काढायची तर बसलेली, पेंगणारी किंवा फोनमध्ये बुडालेली निवडा. डोके, खांद्यांची तिरपी रेघ, पाठीचा बाक, पाय कुठे टेकलेत ते, इतके तीस सेकंदांत घ्या. चेहरा शेवटी, बहुधा नाहीच. माणूस हलला तर त्याच पानावर दुसरा सुरू करा. फोन बघणारा माणूस थोड्या वेळाने बहुतेक पुन्हा त्याच बसणीत येतो, तेव्हा पहिल्याकडे परता. कुणाला आपल्याकडे बघितलेले आवडत नाही असे वाटले तर पान उलटा आणि पंख्याची जाळी काढा. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी हा नाद करू नका. मोकळ्या गाडीत दंड अंगाशी धरा, वळणाच्या रेघा गाडी स्टेशनात थांबते तेव्हा मारा आणि धावत्या गाडीत आडव्या-तिरप्या छटा भरा.

इमारतींत लोभ नडतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहून अख्खी इमारत घ्यायला गेलात तर खिडक्या मोजता मोजता वेळ संपतो. एक कमान किंवा एक मनोरा घ्या. पुण्यात महात्मा फुले मंडईचा मनोरा अष्टकोनी आहे. एक बाजू बरोबर समोर ठेवलीत तर तीनच बाजू दिसतात: मधली पूर्ण रुंदीची आणि शेजारच्या दोन तिच्या सुमारे सत्तर टक्के. तिन्ही सारख्या काढल्या की मनोरा चपटा होतो. कोपरा समोर आला तर चार बाजू दिसतात.

वाईजवळच्या मेणवलीसारखा घाट काढताना आधी नजरेच्या पातळीची आडवी रेघ ठरवा. तिच्या खालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात, वरच्यांच्या फक्त उभ्या बाजू. हे एवढे पाळले तरी यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) निम्मे काम होते.

सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर बसा. दुपारी सावल्या आखूड आणि वस्तू सपाट दिसतात. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो आणि सगळे फिके निघते, म्हणून वही सावलीत हवी. सावलीची कड बसल्या बसल्या आखून घ्या; ती सरकते, आणि मागून काढलेली सावली आधीच्या उजेडाशी जुळत नाही.

सोबत हवी असेल तर अर्बन स्केचर्सचे गट आहेत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये सिॲटलमधून सुरू केलेली ही चळवळ. जागेवर बसून, समोर दिसते ते काढायचे हा तिचा दंडक. मुंबईतही असा गट आहे. पण गटाच्या भेटी अधूनमधून होतात, रोजची सवय एकट्यानेच सांभाळावी लागते.

पावसाळा आणि खाडे

दमट कागदाचे तंतू मऊ होतात: फाउंटन पेनची शाई पसरते, टोकदार पेनाने पृष्ठभाग खरवडला जातो. वही झिपच्या पिशवीत न्या, घरी आल्यावर उघडी करून पंख्याखाली ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. बाहेर जाणे जमत नाही त्या दिवसांत फोटोवरून काढायला हरकत नाही, फक्त रोज नको. फोटोत खोली आधीच सपाट झालेली असते आणि कुठे बघायचे तेही कॅमेऱ्याने ठरवलेले असते.

खाडा पडला तर भरपाई करू नका. चुकलेल्या तीन दिवसांची तीन चित्रे एका रात्री काढणे म्हणजे पुन्हा परीक्षा. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांचे एकच स्केच. आठ-दहा दिवस गेले असतील तर कागदाकडे न पाहता डाव्या हाताचे चित्र काढून सुरुवात करा, त्याच्याकडून चांगले दिसण्याची अपेक्षाच नसते.

इन्स्टाग्रामवर रोज टाकायचे ठरवले की हळूहळू हमखास जमणाऱ्या गोष्टीच काढल्या जातात. टाकायचेच तर आठवड्याने एक.

महिन्याच्या अखेरीस सगळी पाने एका बैठकीत उलटा आणि एकच प्रश्न विचारा: कोणती चूक सर्वाधिक वेळा दिसते? सगळे तांबे डावीकडे कलले असतील तर वही धरण्याचा कोन पाहा. आडवी ठेवलेली वही आपण तिरपी बघतो, म्हणून ती नजरेसमोर उभी धरावी. पुढच्या महिन्यात ती एकच चूक धरा, बाकीच्या राहू द्या.

वहीची दहा पाने उरली की पुढची आणून ठेवा. दोन वह्यांच्या मध्ये चार दिवस गेले की सवय तिथेच सुटते. नव्या वहीत काही बदलायचे असेल तर एकच गोष्ट बदला, आकार किंवा कागद किंवा पेन. तिन्ही एकदम बदलले तर बिघडले कशाने ते कळत नाही.