इकिविकी: एक पान बदललं की अख्खी साइट पुन्हा बांधली जाते

इकिविकी म्हणजे विकीच्या मजकुरातून आधीच तयार HTML पानं बांधून ठेवणारी प्रणाली. लक्षण: एक अक्षर सुधारलं तरी रिफ्रेश (फक्त बदललेली पानं बांधायची फेरी) हजारो पानं पुन्हा बांधत बसतं. रॅम वाढवून फरक शून्य. डिस्काउंट (मार्कडाउनचं HTML करणारं वेगवान मॉड्यूल) टाकल्यावर प्रत्येक पान लवकर झालं, पण पानांची संख्या तेवढीच. डोकं पार भंजाळलं.

आधी व्हर्बोज (सविस्तर नोंदी दाखवणारा पर्याय) चालू करा. कोणतं पान कशावर अवलंबून आहे ते दिसतं. इथे दोषी होता साइडबारमधला मॅप, म्हणजे पानांची आपोआप बनणारी यादी: पेजस्पेक (कोणती पानं घ्यायची तो नमुना) नुसता '*', म्हणजे सगळी पानं, वर 'शो'ची किंमत 'टायटल'. शीर्षक दाखवायचं तर मॅपला प्रत्येक पानाचा मजकूर बघावा लागतो. म्हणून कुठलाही बदल साइडबारला, आणि साइडबार प्रत्येक पानावर असल्याने तो सगळ्यांना हलवतो.

मॅप वेगळ्या पानावर हलवा, 'शो' काढा, साइडबारमध्ये साधा दुवा ठेवा. मग इकिविकीच्या आज्ञेत सेटअपसोबत रिफ्रेश द्या (नुसता सेटअप पूर्ण रीबिल्ड करतो!). ही एक फेरी लांबेल, कारण साइडबार बदललाय. पुढच्या फेरीपासून बदललेलं पान आणि फार तर त्याच्याशी दुव्यांनी जोडलेली पानंच बांधली जातील.